वर्गाची रोजकीर्द



'संशोधन' हा शब्द उच्चारला की विद्यापीठाची इमारत, ग्रंथालयातील जाडजूड प्रबंध आणि प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञ डोळ्यांसमोर उभे राहतात. एखाद्या वाडीवरच्या दोनशिक्षकी शाळेत एकाच वेळी दोन-दोन इयत्ता सांभाळणारी शिक्षिकाही संशोधक असू शकते, ही कल्पना सहसा कोणाच्या मनाला शिवत नाही. आजच्या व्याख्यानाचा विषय मात्र नेमका तोच आहे. शिक्षकाने आपल्या वर्गातील अडचण स्वतः हेरावी, तिच्यावर स्वतःच उपाय योजावा आणि त्या उपायाचा परिणाम पुराव्यानिशी तपासावा, या पद्धतीला शिक्षणशास्त्रात 'कृतिसंशोधन' असे नाव आहे.

पेठेत बसणाऱ्या मंडळींना ही गोष्ट परकी वाटण्याचे कारण नाही. कापडाचा एखादा ताका वर्षभर फळीवर पडून राहिला, तर जाणता दुकानदार गिऱ्हाइकांना नावे ठेवीत बसत नाही. रंग नापसंत पडला, भाव चढा लागला की माल मुळात दर्शनी फळीवर मांडलाच गेला नाही, याचा तो शोध घेतो. एक बदल करून पाहतो, महिनाभराने विक्रीचा आकडा तपासतो आणि मगच पुढील खरेदी ठरवतो. त्याच्या या शहाणपणाचा आधार म्हणजे रोजच्या रोज लिहिलेली रोजकीर्द. वर्गातही अशी रोजकीर्द असावी आणि ती खरी असावी, एवढेच कृतिसंशोधनाचे सार आहे.

या विचाराचा उगम शाळेत झालेला नाही. जर्मनीत जन्मलेले मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन हे नाझी राजवटीमुळे १९३३ साली मायदेश सोडून अमेरिकेत गेले. अल्पसंख्याकांचे प्रश्न केवळ ग्रंथ लिहून सुटत नाहीत, प्रत्यक्ष कृती करीत-करीतच त्यांचा अभ्यास व्हावयास हवा, असे त्यांनी १९४६ सालच्या एका निबंधात मांडले. योजना आखावी, कृती करावी, काय घडले ते पाहावे आणि पुन्हा योजना आखावी, असे ते चक्र होते. पुढे कोलंबिया विद्यापीठाच्या शिक्षक महाविद्यालयातील स्टीफन कोरी यांनी १९५३ साली ग्रंथ लिहून हीच पद्धत शाळेच्या दारात आणली. दुसऱ्याने काढलेले निष्कर्ष वाचून शिक्षक सहसा बदलत नाही, स्वतः तपासलेल्या गोष्टीने मात्र बदलतो, असा त्यांचा युक्तिवाद होता.

भारतात १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात हा विचार अध्यापक महाविद्यालयांपर्यंत पोहोचला. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर जिल्ह्याजिल्ह्यांत शिक्षण व प्रशिक्षण संस्था उभ्या राहिल्या आणि शिक्षकांना कृतिसंशोधनासाठी साहाय्य करणे हा त्यांच्या कामाचा एक भाग ठरला. पुणे जिल्ह्याची ही संस्था लोणी काळभोर येथे, म्हणजे दौंडकडे जाणाऱ्या वाटेवरच आहे. डी.एड. व बी.एड.च्या अभ्यासक्रमांतही कृतिसंशोधनाला स्थान मिळाले. तेव्हा आजच्या शिक्षकाला हा शब्द नवा नाही. परिचय दाट आहे, तरीही जिव्हाळा उत्पन्न झालेला नाही, असे का व्हावे, याचा विचार पुढे करावयाचा आहे.

तत्पूर्वी एका गोष्टीचे स्मरण अवश्य करावयास हवे. शब्द नसला तरी शोधक शिक्षकांची परंपरा महाराष्ट्राला आहे आणि तिचा एक धागा दौंड तालुक्यातच सापडतो. पंडिता रमाबाईंनी १८८० च्या दशकात अमेरिकेत असताना फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचे शिक्षण घेतले. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात निराधार झालेल्या मुलींना त्यांनी केडगाव येथे आणले. तेथील मुक्तिसदनात अक्षरओळखीबरोबर विणकाम व छपाई शिकवली गेली, अंध मुलींना ब्रेलचे शिक्षण दिले गेले. समोर आलेली मुलगी कशी आहे हे पाहून शिक्षण बेतावयाचे, हे सूत्र तेथे सव्वाशे वर्षांपूर्वी आचरणात होते.

पुढील काळात ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम केले. मुले बालवाडीत येत नाहीत, असे दिसताच त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. थोरली मुले गुरे राखावयास जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे उमगताच गुरांच्या कुरणात 'कुरणशाळा' भरवली. अडचण, कारण, उपाय आणि परिणाम हा सगळा क्रम त्यात आहे. दौंडपासून फार दूर नसलेल्या फलटणमध्ये डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी, शाळेत जाऊनही वाचता न येणाऱ्या मुलांबरोबर काम करता-करता मराठी वाचन शिकवण्याची वेगळी रीत घडवली. वर्णमाला क्रमाने संपवण्याऐवजी निवडक अक्षरे व स्वरचिन्हे यांचे छोटे गट घ्यावयाचे आणि त्यांतून पहिल्यापासूनच अर्थपूर्ण शब्द वाचावयास द्यावयाचे, अशी ती रीत आहे. कोल्हापूरच्या सृजन आनंद विद्यालयात लीलाताई पाटील यांनी १९८५ पासून शिक्षकांना आपल्या अध्यापनाकडे डोळसपणे पाहण्याची आणि ते लिहून ठेवण्याची सवय लावली. या सर्वांचे समान लक्षण असे की, मूल शिकत नाही असे दिसल्यावर त्यांनी दोष मुलाच्या माथी मारला नाही.

आता शिरूर आणि दौंडच्या वर्गांकडे वळू. भीमेच्या उत्तरेस शिरूर व दक्षिणेस दौंड. शिरूरकडे रांजणगाव, सणसवाडी, शिक्रापूर या औद्योगिक पट्ट्यात परप्रांतांतून आलेल्या कामगारांची वस्ती वाढली. दौंडकडे भीमाकाठचा ऊस, साखर कारखाने, गुऱ्हाळे, कुरकुंभची औद्योगिक वसाहत आणि रेल्वेचे मोठे जंक्शन. या सगळ्याचे प्रतिबिंब वर्गात पडते. घरी हिंदी बोलणारे मूल आणि घरी मराठी बोलणारे मूल एकाच बाकावर बसते. दिवाळीच्या सुमारास नवी मुले येतात आणि उन्हाळा लागण्याच्या सुमारास निघून जातात. पुण्यात बसून छापलेले पाठ्यपुस्तक या प्रत्येक बाकाचा विचार करू शकत नाही. तो विचार करण्याजोगी व्यक्ती त्या वर्गात एकच असते.

पद्धत समजावी म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ. औद्योगिक पट्ट्यातील एका शाळेत तिसरीच्या वर्गात २८ मुले आहेत. 'मुलांचे वाचन कच्चे आहे' असे शिक्षिका म्हणते. हे विधान खरे असेल, परंतु त्यावर काम करता येत नाही, कारण ते फार सैल आहे. ती एकेका मुलाला जवळ बसवून, त्याने पूर्वी न पाहिलेला एक लहान उतारा वाचावयास देते आणि प्रत्येकाने मिनिटाला किती शब्द अचूक वाचले ते टिपते. तेव्हा चित्र स्पष्ट होते. १९ मुले बऱ्यापैकी वाचतात. नऊ मुले 'रस्ता', 'पुस्तक', 'घ्या' असे जोडाक्षर आले की थबकतात. आता प्रश्न नेमका झाला.

दुसरी पायरी कारणांची. शिक्षिका कागदावर सुचतील तेवढी कारणे लिहिते. घरी पुस्तक नाही, घरची भाषा वेगळी आहे, पालक दुहेरी पाळीत राबतात, एखाद्याची नजर कमजोर असावी, वर्गात सर्वजण एका सुरात वाचतात त्यामुळे न येणाऱ्याचा आवाज इतरांच्या आवाजात झाकला जातो. मग ती या कारणांची दोन भागांत विभागणी करते. जे आपल्या हातात नाही ते एका बाजूला, जे आपल्या हातात आहे ते दुसऱ्या बाजूला. पालकांची पाळी बदलणे तिच्या हातात नाही. सामूहिक वाचनाची सवय बदलणे मात्र पूर्णपणे तिच्या हातात आहे. ही विभागणी कृतिसंशोधनाचा कणा होय. तिच्यामुळे कुरकुर थांबते आणि काम सुरू होते.

घोड नदीकाठच्या उसाच्या शिवारात बिबट्याचा वावर वाढल्यापासून पायी येणाऱ्या मुलांच्या उपस्थितीचा प्रश्न शिरूर तालुक्यातील अनेक गावांना ठाऊक आहे. बिबट्याचा बंदोबस्त हे वनविभागाचे काम आहे, ते शिक्षकावर लादता येणार नाही. परंतु चुकलेल्या दिवसांचा अभ्यास त्या मुलाला परत कसा मिळेल, हा प्रश्न शिक्षकाचाच राहतो.

तिसरी पायरी कृतीची. शिक्षिका ठरवते की सहा आठवडे रोज १५ मिनिटे जोडीने वाचन घ्यावयाचे, चांगले वाचणारे एक व अडखळणारे एक अशी जोडी लावावयाची आणि रोज तीनच जोडाक्षरे घ्यावयाची. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी आणि सहाव्या आठवड्याच्या शेवटी तितक्याच काठिण्याचा, पण नवा उतारा देऊन पुन्हा मोजणी करावयाची. येथे काही जण एक आक्षेप घेतात की, वर्ग म्हणजे प्रयोगशाळा नव्हे, मुलांवर प्रयोग करणे कितपत योग्य? आक्षेप रास्त आहे. म्हणूनच निम्म्या मुलांना उपाय द्यावयाचा आणि निम्म्यांना तुलनेसाठी वंचित ठेवावयाचे, असे येथे करीत नाहीत. प्रत्येक मुलाची तुलना त्याच्याच कालच्या वाचनाशी होते. अडखळणाऱ्या मुलांची यादी फळ्यावर किंवा पालकसभेत जाहीर करावयाची नसते, हेही तितकेच महत्त्वाचे.

समजा, सहा आठवड्यांनी नऊपैकी पाच मुले जोडाक्षरे सुरळीत वाचू लागली. दोन मुलांचे कुटुंब कामाच्या शोधात गाव सोडून गेले. उरलेली दोन मुले होती तेथेच आहेत. अहवाल लिहिण्याची वेळ येते तेव्हा खरी परीक्षा शिक्षिकेची असते. 'उपक्रम यशस्वी झाला, विद्यार्थ्यांच्या वाचनात लक्षणीय सुधारणा झाली' असे लिहून मोकळे होता येते आणि ते सर्वथा खोटेही ठरत नाही. परंतु त्या वाक्याखाली दोन मुले गाडली जातात. 'पाच साधली, दोन गेली, दोन साधली नाहीत' असे लिहिले तर पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो. ती दोन का राहिली? कदाचित डोळे तपासावे लागतील, कदाचित त्यांना जोडाक्षराच्याही आधीची काना-मात्रा पक्की नसेल. दुसऱ्या चक्राचा आरंभ याच दोन मुलांपासून होतो.

दौंडकडील उदाहरण वेगळे आहे. ऊसतोडीच्या हंगामात बीड, अहिल्यानगर यांसारख्या जिल्ह्यांतून कुटुंबे येतात आणि कारखान्याच्या परिसरात कोप्या घालून राहतात. त्यांची मुले शाळेत दाखल व्हावीत म्हणून शासनाचे शिक्षण हमी कार्ड आहे. कागद आला तरी मूल वर्गात रुळतेच असे नाही. अशा मुलाला पहिल्याच दिवशी पुस्तकातील चालू धडा दिला तर ते गप्प बसते आणि 'याला काहीच येत नाही' असा शिक्का बसतो. वास्तविक त्या मुलाला मोळ्या मोजता येतात, वाढ्याच्या पेंढ्यांचा भाव ठाऊक असतो, मुकादमाकडून घेतलेली उचल किती फिटली आणि किती राहिली याची चर्चा ते रात्री कोपीत ऐकत असते. एखाद्या शिक्षकाने ठरवावे की, नव्या मुलाच्या पहिल्या आठवड्यात गणिताची सुरुवात मोळ्यांच्या व पेंढ्यांच्या हिशेबाने करावयाची आणि महिन्याभरात त्या मुलाची उपस्थिती व तोंडी उत्तरे यांत फरक पडतो का, ते टिपावयाचे. या संशोधनाला ना निधी लागतो ना यंत्र. एक वही आणि मुलाकडे पाहण्याची थोडी निराळी दृष्टी पुरते. असे मूल चार महिन्यांनी जाणार, हेही लिहून ठेवावे. त्या चार महिन्यांत त्याला काय मिळाले, एवढा एकच प्रश्न त्या वहीत विचारावयाचा असतो.

इतकी साधी व उपयुक्त गोष्ट रुजत का नाही? पहिले कारण असे की, तिचे रूपांतर अहवालात झाले. प्रशिक्षणात गुण मिळवण्यासाठी, स्पर्धेत पाठवण्यासाठी किंवा वरिष्ठांच्या आदेशाची पूर्तता म्हणून अहवाल लिहिला जातो. तयार अहवालांवरून नकला उतरवल्या जातात, हे शिक्षणक्षेत्रात उघडपणे बोलले जाते. अशा अहवालांची एक खूण सहज ओळखता येते. त्यांत अपयश कधीच नसते. समस्या ठरलेली, उपाय ठरलेला आणि यश शंभर टक्के. ज्या वहीत वर्षानुवर्षे केवळ जमाच लिहिलेली आहे आणि तोट्याची एकही नोंद नाही, ती वही हिशेब तपासनिसापुढे ठेवली तर तो काय म्हणेल, हे पेठेतील मंडळींना सांगण्याची गरज नाही.

दुसरे कारण भीतीचे. 'माझ्या वर्गातील दोन मुलांना वाचता येत नाही' असे शिक्षकाने प्रामाणिकपणे लिहिले, तर त्याला मदत मिळेल की कारणे दाखवा नोटीस मिळेल? शिक्षकाला दुसऱ्या शक्यतेची धास्ती वाटत असेल, तर तो खरे लिहिणार नाही. २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे व पायाभूत गणित यावे, असे २०२६-२७ पर्यंतचे उद्दिष्ट ठरवले. उद्दिष्ट स्तुत्य आहे. परंतु उद्दिष्टाची तारीख जवळ आली की रकाने भरण्याची घाई होते, आणि न येणारे मूल सर्वप्रथम कागदावरून नाहीसे होते, वर्गात मात्र ते तसेच बसून राहते.

तिसरे कारण वेळेचे. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ दशवार्षिक जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका यांखेरीज अन्य अशैक्षणिक कामे शिक्षकांना देऊ नयेत, असे सांगते. तरीही माहितीचे तक्ते, ऑनलाइन नोंदी आणि छायाचित्रे पाठवण्याचे काम यांतून शिक्षकाचा वेळ खर्ची पडतो, ही सार्वत्रिक तक्रार आहे. नवी जबाबदारी म्हणून कृतिसंशोधन त्यावर लादले, तर आणखी एक तक्ता तेवढा वाढेल.

यशस्वी शाळांच्या अनुकरणाचाही मोह येथे आवरावयास हवा. शिरूर तालुक्यातील वाबळेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे नाव गेल्या दशकात राज्यभर झाले. खेड तालुक्यातील जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेने, मुलांनीच परस्परांना शिकवण्याच्या 'विषयमित्र' पद्धतीच्या बळावर, २०२५ मध्ये जागतिक सर्वोत्तम शाळा पुरस्कारांतील लोकपसंतीचा बहुमान मिळवला. अशा शाळा अवश्य पाहाव्यात. मात्र तेथील रीत उचलून आणली आणि भिंतीवर तशीच चित्रे काढली म्हणजे काम संपले, असे होत नाही. विषयमित्राची पद्धत स्वतःच्या २८ मुलांत कितपत लागू पडते, लाजाळू मूल तीत बोलते की अधिकच मागे सरते, हे त्या-त्या वर्गातच तपासावे लागते. दुसऱ्याच्या पेठेत खपणारे कापड आपल्या पेठेत खपेलच, असे कोणता व्यापारी गृहीत धरतो?

आता समाजाने आणि धर्मादाय संस्थांनी काय करावे? शाळांना वह्या, दप्तरे, गणवेश व पंखे देण्याची परंपरा मोठी आहे आणि ती चालू राहावी. त्याबरोबर काही वेगळ्या गोष्टी करता येतील. मुलांचे डोळे व कान तपासण्याची शिबिरे भरवावीत, कारण 'ढ' ठरलेल्या मुलांपैकी काहींना नीट दिसत किंवा ऐकू येत नसते. केंद्रस्तरावर शिक्षकांची मासिक शिक्षण परिषद भरते. तीत एक तास केवळ परस्परांच्या वर्गातील नोंदी ऐकण्यासाठी राखला जावा, अशी विनंती संस्थांनी केंद्रप्रमुखांना करावी आणि लागल्यास जागा, चहापाणी व पुस्तके यांची सोय करून द्यावी. देणगी देताना यशाचा अहवाल मागू नये. पारितोषिकच द्यावयाचे असेल, तर वर्षातून एकदा ते अशा शिक्षकाला द्यावे, ज्याने योजलेला उपाय लागू पडला नाही, पण का पडला नाही हे ज्याने नीट लिहिले. दोन्ही तालुक्यांतील शेकडो शिक्षकांना त्या एका पारितोषिकातून जो संदेश मिळेल, तो परिपत्रकांतून मिळणारा नाही.

आणि उपस्थित शिक्षकांना एकच सुचवावयाचे आहे. मोठा विषय घेऊ नये. शंभर पानांचा अहवाल लिहू नये. एक वही घालावी, आपल्या वर्गातील एक मूल किंवा एक अडचण निवडावी, तारीख टाकावी आणि दर आठवड्याला चार ओळी लिहाव्यात. काय केले, काय घडले, काय घडले नाही, पुढे काय करणार. वही कोणाला दाखवण्यासाठी लिहू नये, म्हणजे ती आपोआप खरी राहील. वर्ष संपताना तिच्यात तोट्याच्या नोंदी सापडल्या तर खंत बाळगू नये. त्या नोंदींत मुलांची नावे आहेत, आणि नाव लिहिलेले मूल पुढील वर्षीच्या शिक्षकाच्या नजरेतून सुटत नाही.

व्यापाऱ्याचा ताळेबंद वर्षाच्या अखेरीस मिटतो. शाळेतील शिल्लक मात्र त्या मुलाबरोबर जन्मभर चालते. ती शिल्लक खरी लिहिली जावी, यासाठी शिक्षकाला वेळ, विश्वास आणि निर्भयता देण्याचे उत्तरदायित्व उभ्या समाजाचे आहे, एवढे नम्रपणे नमूद करून हे विवेचन येथे पूर्ण होत आहे.